रोल संपवून आणा

त्या रोलला उजेड मी लावला. "कॅमेऱ्यात काहीच नव्हतं," असं मी त्या मावशींना सांगितलं, ते खोटं होतं. कॅमेऱ्यात रोल होता, रोलवर फोटो होते, आणि ते माझ्या हातून गेले. हे सुरुवातीलाच लिहून टाकतो. पुढे लिहीत गेलो की मी हळूहळू स्वतःची बाजू घ्यायला लागतो, ही माझी सवय मला ठाऊक आहे.

नारायणगावला लागून असलेल्या वारूळवाडीत माझं फोटोचं दुकान आहे. आता दुकान म्हणजे पासपोर्ट फोटो, लग्नाचे अल्बम आणि वाढदिवसाचे नाहीतर श्रद्धांजलीचे फ्लेक्स. झेरॉक्सचं मशीन बायको सांभाळते. रोल धुणं बंद होऊन पंधरा वर्षं तरी झाली असतील. डार्करूमच्या जागी आता फ्लेक्सच्या नळकांड्या उभ्या आहेत.

दोन वर्षांपूर्वी, दिवाळी होऊन गेल्यावर, सत्तरीच्या आसपासच्या एक बाई दुकानात आल्या. घाटघरहून पहाटेची एसटी धरून जुन्नर, तिथून दुसऱ्या गाडीने नारायणगाव आणि पुढे पायी. काखेत खताच्या पिशवीच्या तुकड्याचं गाठोडं, त्याच्या आत जुना टॉवेल. टॉवेल त्यांनी काउंटरवर उलगडला.

"भाऊ, ह्याच्यात माझी पोर हाय," त्या म्हणाल्या.

आत एक कॅमेरा होता. जाड पुस्तकाएवढा, काळ्या चामड्याचा, कोपऱ्यांवर चामडं सुटलेलं. बाजूची कळ दाबली तसं पुढचं झाकण खाली पडलं आणि पेटीच्या भात्यासारखा घड्यांचा काळा भाता बाहेर येऊन भिंग पुढे उभं राहिलं. घडीचे कॅमेरे मी पाहिले होते, पण यावरचं नाव मी कधी ऐकलेलं नव्हतं. भिंगाभोवती बारीक अक्षरं होती, आणि तळाशी 'मेड इन ऑक्युपाइड जपान' असं कोरलेलं होतं. म्हणजे युद्ध हरलेला जपान दुसऱ्यांच्या ताब्यात होता, त्या काळातला. मी तो उलटसुलट करून बघायला लागलो. मावशी पुढे सांगत होत्या, आणि मी निम्मंच ऐकत होतो.

त्यांचे मालक, म्हणजे नवरा, नाणेघाटात येणाऱ्या पाहुण्यांचं सामान वाहायचे, भाकरी-पिठलं करून घालायचे. तिथल्या लेण्यातली कोरीव अक्षरं वाचायला पुण्याचे एक प्राध्यापक वर्षानुवर्षं यायचे. शेवटच्या खेपेला त्यांनी हा कॅमेरा मालकांना देऊन टाकला, आत नवा रोल भरून, कसा चालवायचा ते शिकवून. मालकांनी त्यात मुलीचे फोटो काढले. मुलगी तेव्हा तेरा वर्षांची.

"मंग हे रोल धुवायला तुमच्याकडंच आलं व्हतं," मावशी म्हणाल्या. "पंचवीस वरसं झाली. तुमी मागच्या लाल काचंतून बघितलं आन म्हणला, सातच झाल्यात, पाच राह्यल्यात. रोल संपवून आना."

मला ते आठवत नाही. पण मी तसं म्हणालो असणार याची खात्री आहे, कारण मी ते दिवसातून दहा वेळा म्हणायचो. धंद्याची रीतच होती. अर्धा रोल धुतला की गिऱ्हाईक नंतर भांडतं, उरलेले फोटो वाया घालवले म्हणून. त्यामुळे सगळ्यांना एकच सांगायचं, संपवून आणा. घाटघरहून येणाऱ्याला ते सांगताना आपण त्याला किती लांब परत पाठवतोय, हा विचार कधी मनात आला नाही.

"त्याच भादव्यात पोर तापानं गेली," मावशी म्हणाल्या. "तिच्यामागं त्यात दुसरं कुनाचं काढायचं? पाच तसंच राह्यलं. आता माझं मालक बी गेलं. तिचा दुसरा फोटो न्हाई. शाळंत बी न्हाई. मला एकडाव तिचं तोंड बघायचंय, तेवढं धुऊन द्या."

"पंधरा दिवसांनी या," मी म्हणालो.

त्या गेल्या. मी लगेच कॅमेऱ्याचे चार बाजूंनी फोटो काढले आणि मोबाइलवरच्या एका ग्रुपवर टाकले. जुन्या कॅमेऱ्यांची हौस असलेल्या लोकांचा तो ग्रुप. पुण्या-मुंबईचे, शिकलेले, एकेकाकडे शंभर-शंभर कॅमेरे. मी त्यात दोन वर्षं होतो आणि मला कुणी कधी उत्तर दिलं नव्हतं. त्या दुपारी दहा मिनिटांत तीस जणांनी विचारलं. हा कुठला? कुणी बनवला? हा पाहिलाच नाही कधी! एकाने लिहिलं, बनवणाऱ्याचा शिक्का बहुतेक आत असेल, जिथं रोल बसतो त्या खाचेत. पाठ उघडून फोटो टाका.

मी लाल काचेतून पाहिलं. अशा कॅमेऱ्याच्या पाठीला बटणाएवढी लाल काच असते. आत रोल असला की त्याच्या पाठीवरच्या कागदाचा आकडा तिच्यातून दिसतो. मला आकडा दिसला नाही. नुसता अंधार. मी मनाशी म्हटलं, रिकामा आहे. डोंगरातली म्हातारी, तिला काय कळतंय आत रोल आहे की नाही. हे वाक्य मी खरंच मनात म्हटलं होतं. आमच्याकडे, सपाटीवर, घाटाकडच्या माणसांबद्दल असं म्हणायची पद्धतच आहे, आणि ते आपण म्हटलं हे आपल्या लक्षातही येत नाही.

दुकानाच्या दारात ऊन चांगलं होतं, म्हणून तिथे जाऊन मी पाठ उघडली.

रोल होता. तरी तेवढ्यावर निभावलं असतं. या जातीच्या रोलला पाठीमागून कागद असतो, झाकण लगेच मिटलं तर कडा तेवढ्या जातात. पण शिक्का गुंडाळीच्या खाली होता आणि ग्रुपवर लोक वाट पाहत होते. मी गुंडाळी बोटाने उचलली. पंचवीस वर्षं ताणून बसलेला कागद स्प्रिंगसारखा सुटला. फिल्म उन्हात लांब होऊन माझ्या मनगटावरून खाली लोंबली.

बायको झेरॉक्सच्या मशीनमागून बघत होती.

"त्या बाईंचाच ना?"

 मी ती फिल्म शर्टात गुंडाळून आत नेली.

दुसऱ्या दिवशी मी मंचरला गेलो. ज्यांच्या हाताखाली मी धंदा शिकलो ते उस्ताद तिथे राहतात. वय ऐंशीच्या पुढे, पण न्हाणीघरात रोल धुण्याची टाकी आणि औषधांच्या बाटल्या अजून मांडलेल्या. खिडकीखालून कांद्याचे ट्रक जातात तेव्हा बाटल्या किणकिणतात. मी त्यांना सगळं सांगितलं. इथे मी खरं सांगितलं, कारण उस्तादांशी खोटं बोलून उपयोग नव्हता.

"लाल काचेतून आकडा दिसला न्हाई, म्हणून रिकामा?" ते म्हणाले.

"हो."

"दोन आकड्यांच्या मधे कागद कसा असतो?"

मी खाली बघितलं.

"बोल की! पोरगं व्हतास तवा पाठ करून घेतलं होतं तुझ्याकडून."

"कोरा असतो."

"मग रोल पुढं सरकवायची किल्ली जरा फिरवून बघायची अक्कल कुठं गहाण पडली? त्या माणसानं सातवा काढला, आठव्यासाठी किल्ली फिरवाया घेतली आन मधेच सोडली. असंच झालं असंल. त्याला फोटो काढता येत व्हता, राव. तुलाच बघता आलं न्हाई."

त्यांनी फिल्म धुतली. मी न्हाणीघराबाहेर स्टुलावर बसून होतो. बाहेर आले तेव्हा ओली पट्टी चिमट्याला लावून त्यांनी खिडकीशी धरली. जवळजवळ सगळी काळी होती. गुंडाळीच्या अगदी पोटात होते ते पहिले दोन फोटोच काय ते वाचले. पहिल्यात दगडावरची अक्षरं होती. शिकवताना प्राध्यापकांनीच काढलेला असावा. दुसरा निम्मा होता. एक मुलगी उभी, अंगात मोठ्या माणसाचा सदरा, बाह्या दुमडलेल्या, हात दोन्ही बाजूंना सरळ. खांद्यापर्यंत सगळं स्वच्छ. सदऱ्याची बटणं मोजता येत होती. मानेच्या वर उजेडाने खाल्लेलं.

"हात हलला न्हाई बघ गड्याचा," उस्ताद म्हणाले. "पहिल्यांदा धरलाय कॅमेरा आन हात हलला न्हाई."

मी त्याचा फोटो छापून घरी आणला. मानेच्या वर नुसतं पांढरं.

आमच्या धंद्यात माणसांना डोकी बसवणं नवीन नाही. वारलेल्या माणसाचा फोटो नसला की आधार कार्डावरचा चेहरा घ्यायचा आणि कोट-टायच्या नाहीतर फेट्याच्या तयार धडावर लावायचा. संगणकात माझ्याकडे अशी पन्नास धडं आहेत. इथे उलटं होतं. धड होतं, चेहरा नव्हता. मी शाळेच्या जुन्या गॅदरिंगच्या फोटोंतून तेरा वर्षांच्या मुली शोधायला लागलो. एक मला बरी वाटली. सावळी, केस तेल लावून चापून बांधलेले. तिचा चेहरा कापून मी मानेवर ठेवला, उजेड जुळवला, थोडा दाणेदार केला. खरा वाटत होता.

बायको चहा घेऊन मागे उभी राहिली.

"कुणाची पोरगी चिकटवताय?"

"पंचवीस वर्षं झाली. त्यांना तरी नीट कुठं आठवत असणार?"

"आईला?" ती म्हणाली. चहा तिथेच ठेवून गेली.

मी तो चेहरा पुसून टाकला. एवढी एकच गोष्ट मी त्या दिवसांत बरी केली, आणि तीही बायकोमुळे.

पंधराव्या दिवशी मावशी आल्या. नवं लुगडं नेसून, कपाळावर गोंदण, हातात रिकामी पिशवी. फोटो न्यायला आणलेली. मी ठरवलं होतं, रोल जुना होता, खराब झाला, असं सांगायचं. तेही खोटंच, पण थोडं कमी. तोंड उघडल्यावर मात्र वाटलं, खराब झाला म्हटलं तर या म्हणतील, दाखवा. म्हणतील, तो काळा झालेला का होईना, मला द्या. मग प्रश्न आणखी वाढतील.

"मावशी," मी म्हणालो, "आत रोलच नव्हता. कॅमेरा रिकामा होता."

"रिकामा?"

"हो."

त्यांनी कॅमेऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी स्टेपलरच्या पिना लावत होतो.

"दर दिवाळीला खाली काढायचे," त्या म्हणाल्या. "फडक्यानं पुसायचे. ह्याच्यात हाय ती, म्हणायचे. मी म्हणायची, मंग चला की धुवायला. तर म्हणायचे, जाऊ, जाऊ एकडाव." त्यांनी पदर सावरला. "तरीच न्हेत नव्हते. आता कळलं."

मी म्हणायला हवं होतं, नाही मावशी, तसं नाही. तेवढ्यात एक गिऱ्हाईक आधारची झेरॉक्स मागायला आलं आणि मला त्याचं फार बरं वाटलं.

"मरताना बी म्हणाले," मावशी स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या. "येवढं खोटं."

मी त्यांच्याकडे कॅमेरा सरकवला. त्यांनी हात लावला नाही. "ठेवा तुमच्याकडं. मला घरात नगं," म्हणाल्या आणि रिकामी पिशवी घडी करून निघाल्या. माझी बायको मशीन सोडून त्यांच्यामागे रस्त्यापर्यंत गेली, त्यांना गाडीत बसवून आली. आल्यावर माझ्याशी बोलली नाही. दोन दिवस.

मी खोटं बोललो ते एका रोलबद्दल. पण ते त्या म्हाताऱ्या माणसाच्या सगळ्या वागण्याला चपखल बसलं, कुठेच फट राहिली नाही. तो रोल धुवायला का नेत नव्हता हे मला आता समजतं असं वाटतं. पाच उरले होते, ते काढल्याशिवाय दुकानदार घेणार नाही असं त्याला सांगितलं गेलं होतं, आणि त्याला त्यात दुसरं काही काढवत नव्हतं. आणि मी त्याच्याच बायकोच्या नजरेत त्याला आयुष्यभराचा खोटारडा करून टाकलं, तो उत्तर द्यायला नसताना.

कॅमेरा मी दुकानात काचेच्या कपाटात ठेवला. हेही सांगितलं पाहिजे. खाली दिवा लावला. लोक बघायचे, विचारायचे. ग्रुपवरच्या एका जाणकाराने जवळजवळ दोन वर्षांनी शोध लावला की हा कॅमेरा टोकियोतल्या कुठल्याशा गल्लीतल्या लहान कारखान्यात थोडे दिवस बनत होता, मग कारखानाच बंद पडला. देशात दुसरा असेल असं वाटत नाही, म्हणाला. माझ्यावर अभिनंदनाचा पाऊस. कुणीतरी विचारलं, तुम्हाला मिळाला कसा? मी लिहिलं, 'एका आजींनी प्रेमाने भेट दिला.'

बायको खांद्यावरून वाचत होती.

"भेट," ती म्हणाली. "प्रेमानं."

"मग काय लिहू?"

"लिहा की, पोरीचं तोंड पुसलं आणि वर नवऱ्याला खोटारडा ठरवलं, त्याचं बक्षीस मिळालं. हार आणू का? फोटो काढते तुमचा, कॅमेऱ्याशेजारी उभं राहा."

मला राग आला. मी म्हणालो, तुला बोलायला काय जातंय. ती म्हणाली, जातंय म्हणूनच बोलते. त्या बाई गाडीत बसताना काय म्हणाल्या ते तुम्ही ऐकलं नाही. मी विचारलं, काय म्हणाल्या? ती म्हणाली, जाऊन विचारा त्यांनाच.

आणखी पंधरा दिवस मी गेलो नाही. मग मार्गशीर्षातल्या एका सकाळी तो निम्मा फोटो पाकिटात घालून मोटरसायकल काढली. वाटेत आपटाळ्याला दोनदा थांबलो, एकदा चहाला, एकदा उगाच. पुढे धरणाच्या पाण्याकडेने रस्ता जातो तिथे परत फिरावं असं फार वाटलं.

घाटघरात भाताची झोडणी चालली होती. खळ्यावर चार-पाच बाया होत्या. त्यातल्या एकीने मला आधी पाहिलं.

"पावणं, कुनाकडं? सर्वेवालं हायसा का फोटोवालं?"

"फोटोवाला आहे," मी म्हणालो.

"मंग काढा की राव आमचा! थांबा, तूस झटकू द्या, न्हाईतर भुतं म्हणून छापाल."

सगळ्या हसल्या. मावशी हसल्या नाहीत. त्यांनी मला ओळखलं होतं. हातातली पेंढी त्यांनी दगडावर आपटायचं थांबवलं नाही.

"कॅमेरा आनला का परत? नगं म्हणलं व्हतं मी."

मी पाकिटातून फोटो काढून पुढे धरला. त्यांनी पेंढी खाली ठेवली, हात लुगड्याला पुसले आणि फोटो घेतला.  

"ह्यो सदरा ह्यांचा," त्या म्हणाल्या. "थंडी व्हती. दिवसभर काढंना ती अंगातनं." बोटाने त्या वर वर जात राहिल्या आणि मानेशी थांबल्या. "तोंड कुठंय?"

"माझ्यामुळं गेलं, मावशी. कॅमेऱ्यात रोल होता. मी तो उन्हात उघडला."

"व्हता?"

"होता."

"म्हंजी ती व्हती ह्याच्यात."

"हो. सातमधलं हे एवढंच राहिलं."

एक बाई म्हणाली, "जाऊ द्या अवो, चुकतं मानसाचं. येवढ्या लांब आलंय..."

"तू गप," मावशी तिच्याकडे न बघता म्हणाल्या. मग मला म्हणाल्या, "दोन वरसं? तुमाला म्हाईत व्हतं, आन दोन वरसं?"

 तिथे मी 'माफ करा' म्हणायला तोंड उघडलं, पण त्यांनी हात आडवा केला.

"मला कशाला सांगता? चला आत."

घरात अंधार होता. समोरच्या भिंतीवर एक तसबीर खिळ्याला होती, पण उलटी, पाठीचा पुठ्ठा आपल्याकडे. त्यावर कोळ्याचं जाळं धरलं होतं.

"तवापासून मी तोंड बघितलं न्हाई त्यांचं," मावशी म्हणाल्या. "गाडीत बसताना तुमच्या बायकोला म्हणलं व्हतं तसंच. त्या दिशी मी घरी आले आन फिरवून ठेवला. बोलले न्हाई, हार न्हाई, दिवाळीला निवद न्हाई. सरळ करा तुमीच."

मी तसबीर सरळ केली. मतदार कार्डावरून मोठा केलेला फोटो होता, सुरकुतलेला, जरा गोंधळलेला एक माणूस. मावशी दारातच उभ्या राहिल्या, फोटो पोटाशी धरून. त्या आत आल्या नाहीत, आणि आत येणार नाहीत हे दिसत होतं.

"सांगा आता," त्या म्हणाल्या. "मला हितं ऐकू यील असं."

बाहेर बायाही थांबल्या होत्या. मी मोठ्याने बोललो.

"बाबा, फोटो तुम्ही बरोबर काढले होते. तुमची मुलगी त्यात होती. तुम्ही घरात एक शब्द खोटं बोलला नव्हतात. खोटं मी बोललो. मी माझ्या मोठेपणासाठी तो कॅमेरा उघडला, तिचा चेहरा घालवला, आणि माझी चूक दिसू नये म्हणून ती तुमच्यावर ढकलली. मावशींना वाटलं तुम्ही फसवलं, आणि मी ते वाटू दिलं. माझं चुकलं, बाबा. मला माफ करा."